वेस्टरबी हरलंच पाहिजे

९ मार्च, गुरुवार

वेस्टरबीची गाठ लाँग पाइनशी! दुपारी स्पर्धेचा तक्ता लागला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला. मंगळवारी, सू सिटीत. एकीकडे माझं कॉलेज, दुसरीकडे माझ्या लेकीचं.

व्हर्नने विचारलं, कुणाच्या बाजूने बसणार? इतकी वर्षं संसार करून नवरा हे विचारतो! या घरात वेस्टरबीचा मरून रंग दोन वर्षांपूर्वीच बंद झाला. माझा कॉलेजचा टी-शर्ट मी त्यालाच दिला होता — गॅरेजमधलं तेल पुसायला.

देव आहे. आणि त्याला बास्केटबॉल कळतो.

१० मार्च, शुक्रवार

सकाळपासून डोकं तापलंय. सगळं लिहूनच काढते, म्हणजे तिथे गेल्यावर जीभ ताब्यात राहील.

गेल स्ट्रेकर. आज वेस्टरबीच्या मुलींची कोच. त्याआधी तिथेच माझी रूममेट, आणि त्याआधी शाळेतली मैत्रीण. आमच्या वेळी आयोवातल्या शाळांत मुलींचा खेळ सहा-सहा जणींचा असायचा. तिघी बास्केट मारायच्या, तिघी फक्त अडवायच्या, आणि मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. गेल मारणारी, मी अडवणारी. मी समोरच्या पोरींच्या हातून चेंडू हिसकावायचा, रेघेपर्यंत न्यायचा, पलीकडे गेलला द्यायचा. पेपरात फोटो तिचा. मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही. मैत्रीण होती.

माझी लेक जोलीन तेरा वर्षांची असताना गेलच्या उन्हाळी शिबिरात गेली. शेवटच्या दिवशी गेल सगळ्या आईबापांसमोर म्हणाली, "बर्नी, हिची जागा माझ्याकडे पक्की. शब्द देते." आमच्या भागात शब्द दिला की कागद मागत नाहीत. मागितला तर समोरच्याचा अपमान. त्या शब्दावर जोलीनने पुढे दोन कॉलेजांना नाही म्हटलं.

मग शाळेतला सह्यांचा दिवस ठरला. मुलं टेबलाशी बसतात, नव्या कॉलेजची टोपी घालून कागदावर सही करतात, आजी-आजोबा फोटो काढतात. मी केक सांगितला होता, त्यावर वेस्टरबीचं चिन्ह. आदल्या दिवशी गेलचा फोन! ओहायोची एक मुलगी स्वतःचं कॉलेज सोडून वेस्टरबीला येतेय, जोलीनपेक्षा दोन इंच उंच आहे, जागा तिला दिली. "रागावू नकोस बर्नी, मला टीमचं हित बघावं लागतं."

हित! केसाने गळा कापला माझ्या पोरीचा. केक तोवर तयार होता. तो घरी आणला आणि वरचं चिन्ह सुरीने खरवडून काढलं. जोलीन गॅरेजच्या दारावर चेंडू आपटत राहिली. जेवायला आलीच नाही.

नेब्रास्कातल्या लाँग पाइनने तिला घेतलं तेव्हा शाळा संपली होती. ना टोपी, ना फोटो.

१२ मार्च, रविवार

चर्चमध्ये क्षमेवर प्रवचन. ऐकलं नाही.

दुपारी जोलीनचा फोन. म्हणाली, "आई, गेलच्या नावाने ओरडायचं नाही हं. माझी लाज काढशील." बरं म्हटलं. तुला चीड कशी येत नाही ग, असं विचारलं, तर म्हणे चिडले की माझा नेम चुकतो. हा शहाणपणा व्हर्नच्या घराण्याचा. आमच्याकडे चिडल्यावरच नेम लागतो.

१३ मार्च, सोमवार — सू सिटी

दिवसभर गाडीत. अर्धवट वितळलेला बर्फ, कापलेल्या मक्याचे खुंट, आणि व्हर्न ट्रॅक्टर चालवल्यासारखा गाडी चालवतोय. मी आरशात बघून उद्याचं वाक्य घोकत होते. सामना जिंकल्यावर गेलला ऐकवायचं वाक्य. चार-पाच करून पाहिली. व्हर्न म्हणाला, तिसरं बरं होतं. घोकून घोकून ते विसरले.

संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांचं जेवण. दोन वर्षं गेले नव्हते. आज गेले — लाँग पाइनचा हिरवा स्वेटर घालून! हॉलभर मरून रंग आणि मध्ये मी. मार्लिस ओडेगार्ड, आमच्या मंडळाची अध्यक्ष, गोड हसून म्हणाली, "बर्नी, रंग चुकला की ग तुझा?"

मी म्हटलं, "रंग नाही चुकला. कॉलेज चुकलं होतं."

व्हर्नने मान खाली घालून बटाटे वाढून घेतले.

गेलही आली, टेबलाटेबलाने फिरत. केस पिकलेत, बरं वाटलं. मला मिठी मारली! मी खांबासारखी उभी. म्हणाली, जोलीन फार छान खेळतेय, मी तिचे सामने बघत असते. तोंडात साखर. मी म्हटलं, उद्या जवळून बघ.

१४ मार्च, मंगळवार

सगळं क्रमाने लिहिते.

वेस्टरबीची एक जुनी रीत आहे. सामना सुरू झाला की आपली पहिली बास्केट पडेपर्यंत कुणी खाली बसायचं नाही. उभं राहून टाळ्या वाजवत राहायचं. एरवी जेमतेम मिनिटभराचं काम.

मी हिरव्या घोळक्यात मधोमध. शिट्टी झाली, चेंडू उडाला — आणि बघते तर मी उभी! टाळ्या वाजवतेय! पाय आपणहून उठले, हात आपणहून वाजले. आजूबाजूचे सगळे बसलेले, माझ्याकडे बघताहेत. मागची म्हातारी म्हणाली, "बसता का बाई? माझी नात दिसत नाहीये." व्हर्नने स्वेटर धरून खाली ओढलं. कान तापले माझे. मेली सवय!

पण मग मजा सुरू झाली. ओहायोच्या मुलीवर जोलीन. काय अडवली तिला! डावीकडे गेली तर ही पुढे, उजवीकडे वळली तर ही आधीच तिथे. मीच शिकवलंय तिला — डोळ्यांकडे नाही, कमरेकडे बघायचं. डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. ओहायोवालीने घाईने मारलेले चेंडू कड्याला लागून परत. आमचे गुण चढत होते, वेस्टरबी शून्यावरच.

आणि समोर सगळा मरून स्टँड उभाच! टाळ्या विरळ व्हायला लागल्या. मार्लिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ती कठडा धरून एका पायावर. पण रीत म्हणजे रीत, अध्यक्षच बसली तर कसं होणार? मी पाय पसरून बसले आणि व्हर्नला पॉपकॉर्न आणायला पाठवलं. इतकं चविष्ट पॉपकॉर्न जन्मात खाल्लं नव्हतं. राहा उभे! माझी पोर टेबलाशी बसायची राहिली होती ना, आता तुम्ही राहा!

व्हर्न पॉपकॉर्न घेऊन परत आला तरी ते उभेच होते. शेवटी कुणीतरी लांबून मारला, पडला. सगळे धपकन बसले.

दुसऱ्या अर्ध्यात मात्र वेस्टरबी चवताळलं. फरक कमी होत होत एका गुणावर आला. माझी पाचावर धारण बसली. हरलो असतो तर गेलच्या समोरून मान खाली घालून जावं लागलं असतं, तेही हिरव्या स्वेटरमध्ये. चेंडू त्यांच्याकडे, घड्याळ संपत आलेलं. आणि जोलीनने मधल्या रेघेशी ओहायोवालीच्या हातातून तो हिसकावला. रेघ ओलांडली आणि सुटली! मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. मारला. पडला!

मी रडले. नंतर नाही, तेव्हाच, पॉपकॉर्न मांडीवर सांडून. मला आयुष्यात जे करू दिलं नाही ते तिने केलं.

सामना संपल्यावर दोन्ही संघ रांगेने हात मिळवतात. गेलने जोलीनचा हात सोडलाच नाही. वाकून कानात काहीतरी बोलली, मागची रांग खोळंबली. जोलीनने मान हलवली. नंतर विचारलं तर म्हणे काही नाही, छान खेळलीस म्हणाली.

मग मी खाली उतरले. व्हर्न "राहू दे ग" म्हणत होता, त्याला कोट धरायला दिला. गेलच्या समोर उभी राहिले आणि घोकलेलं वाक्य बरोबर आठवलं. "काय गेल, ओहायोहून आणलेलं सोनं पितळ निघालं का?"

वाटलं होतं चिडेल. चिडली नाही. माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चुकले मी, बर्नी. जोलीनला सोडायला नको होतं."

दोन वर्षं हेच वाक्य ऐकायचं होतं! मी म्हटलं, "उशीर झाला." आणि तिला तिथेच सोडून निघाले. मागे वळूनही पाहिलं नाही. (एकदा पाहिलं. एकटीच उभी होती.)

जेवायला मोकळ्या खिम्याचं सँडविच, इकडे त्याला टॅव्हर्न म्हणतात. दोन खाल्ली. व्हर्नचं अर्धंही मीच संपवलं.

१५ मार्च, बुधवार

व्हर्न विचारतो, आता तरी जीव थंड झाला का? झाला. सकाळपासून दर तासाला नव्याने होतोय.

१८ मार्च, शनिवार

लाँग पाइन पुढच्या फेरीत हरलं. मला फार काही वाटलं नाही. माझी स्पर्धा मंगळवारीच संपली होती.

मार्लिसला फोन करून गुडघ्याची चौकशी केली. मुद्दाम. सूज आहे म्हणाली. मी म्हटलं, बसत जा ग जरा.

२४ मार्च, शुक्रवार

जोलीनने सही केलेला चेंडू हॉलमध्ये मांडला. बाजूला तिचा हिरव्या कपड्यांतला फोटो, धावतानाचा. येणाऱ्याजाणाऱ्याला मी अख्खा सामना सांगते. पोस्टमनला दोनदा सांगून झाला.

६ एप्रिल, गुरुवार

जोलीनचा फोन. लाँग पाइन सोडतेय. पुढच्या वर्षी वेस्टरबीकडून खेळणार. गेलने या वेळी आधी कागद पाठवला, सही होऊन गेलीसुद्धा. जागा ओहायोच्या मुलीची. तिला काढल्याचं परवा कळवलं.

मी म्हटलं, अगं, सूड घेतला ना आपण!

म्हणाली, "तू घेतलास, आई. मी तर गेलला दाखवायला खेळले — आता तरी मला घे म्हणून."