मौनाच्या मुलाखती

६ जानेवारी १९८५, रविवार
आजपासून रोजनिशी. फक्त पीएच.डी.साठी. व्याख्यानांबद्दल यात एक अक्षर लिहायचं नाही.

विषय मंजूर झाला. 'संपानंतरचं मौन: बेकार गिरणी कामगाराचा गुणात्मक अभ्यास.' गाइड डॉ. नॅन्सी परेरा. मरोळच्या जुन्या गावठाणातल्या. मराठी माझ्याइतकंच स्वच्छ बोलतात, फक्त कमी. म्हणाल्या, विषय चांगला आहे, पण तुम्हाला जमेल का? मी म्हटलं, मॅडम, वीस वर्षं व्यासपीठावर आहे. म्हणाल्या, म्हणूनच विचारलं.

बाईंना विनोदबुद्धी आहे.

डिझाइनवरून थोडा वाद. त्यांना दहा-बारा माणसं हवी होती. मी म्हटलं, एकच माणूस घेणार, पण तळापर्यंत जाणार. त्या म्हणाल्या, एकाच माणसावर सगळं उभं करताय, तो बोलला नाही तर? मी म्हटलं, मी बोलतं करतो.

बायकोचा, म्हणजे मालनचा, टेपरेकॉर्डर संशोधनासाठी ताब्यात घेतला. तिच्या भावाने मस्कतहून आणलेला आहे, ती त्यावर गाणी ऐकते. ती काही बोलली नाही. म्हणजे संमती.

संकल्प: प्रश्न एका वाक्यात विचारायचा. मध्ये बोलायचं नाही. वर्षभर भाषणं बंद. (मुलुंडची शिवजयंती आधीच दिली आहे, ती सोडून.)

२० जानेवारी, रविवार
पहिली मुलाखत. गुणाजी पेडणेकर. घाटकोपर, भटवाडी, टेकडीच्या पार वर. वीस-बावीस वर्षं गिरणीत साचे (माग) चालवले, आता मरोळला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वॉचमन. छातीत कापूस बसलेला, सारखा खोकतो. बायको वनमाला दिवसा खानावळीत पोळ्या लाटते, त्यामुळे खोलीत शांतता. आदर्श परिस्थिती.

मशीन लावलं. प्रश्न एका वाक्यात: संपानंतर तुम्ही गप्प का झालात?

गुणाजी विचार करू लागला. बराच वेळ. शोषित माणसाला शब्द सापडत नाहीत, त्याला हात द्यावा लागतो. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगितली. मँचेस्टरपासून सुरुवात केली. पहिली बाजू संपली तेव्हा मी नुकताच परळपर्यंत आलो होतो.

गुणाजी अप्रतिम ऐकतो. असा श्रोता हजारात एक.

कॅसेट उलटल्यावर तो म्हणाला, "सर, त्या दिसा मी गेटार गेलंय आणि..."

गेट! त्या एका शब्दाने माझ्या अंगावर काटा आला. गेट म्हणजे काय? आत भाकरी, बाहेर माणूस, मध्ये लोखंड. हे त्याला समजावून सांगणं भाग होतं. दुसरी बाजूही भरत आली.

मी मशीन बंद करणार तोच गुणाजी म्हणाला, "सर, माझां तेवढां रवलां." म्हटलं, राहू दे, पुढच्या वेळी पहिलं तेच.

घरी मालनने विचारलं, काय म्हणाला? म्हटलं, बरंच.

१७ मार्च, रविवार
फेब्रुवारी व्याख्यानांत गेला. नाही म्हणता येत नाही. पोस्टरवर 'मुलुखमैदान तोफ प्रा. चंद्रप्रकाश वालावलकर' छापून मगच विचारायला येतात. चेंबूर, विक्रोळी, पुन्हा चेंबूर.

आज दुसरी मुलाखत. गुणाजी रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. बसल्या बसल्या म्हणाला, "सर, गेटाचा सांगतंय हां..." मी म्हटलं, थांब, मशीन लावू दे. मशीन लागलं, त्याने "त्या दिसा मी गेटार गेलंय आणि..." म्हटलं, तोच माझ्या लक्षात आलं की मागच्या वेळी व्यवस्थापनाची बाजू मांडायची राहिली होती. नि:पक्षपातीपणा हा संशोधनाचा कणा आहे.

तिसऱ्या कॅसेटला गुणाजी डुलक्या घेत होता. विश्वास बसल्याचं लक्षण. परक्या माणसासमोर कोणी झोपत नाही.

२४ जून, सोमवार
मॅडमनी पद्धतीचं आणि डिझाइनचं प्रकरण वाचलं. मग एक कॅसेट लावली. दहा मिनिटं ऐकून बंद केली. विचारलं, हे व्याख्यान कुठलं?

मी म्हटलं, मुलाखत आहे.

त्यांनी कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, "तुमचं डिझाइन बरोबर आहे, सर. एकच माणूस, तळापर्यंत. फक्त माणूस चुकीचा निवडलात."

मी म्हटलं, गुणाजीसारखा माणूस मिळणार नाही. त्या म्हणाल्या, मी गुणाजींबद्दल बोलत नाहीये.

मग कोणाबद्दल, ते विचारायचं राहिलं. फर्मान असं: सगळ्या कॅसेट शब्दन्‌शब्द उतरवून काढा. आणि पुन्हा जा. मशीन लावा, तोंड मिटून बसा.

मला तोंड मिटायला सांगतात! आणीबाणीतही कोणाची हिंमत झाली नव्हती. पण विज्ञानापुढे मान तुकवतो. संकल्प: मुलाखतीच्या वेळी तोंडात लवंग ठेवायची. लवंग असेपर्यंत बोलायचं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
लवंग ठेवून गेलो. पावसाने टेकडीची वाट खचलेली. गुणाजी भिंतीला टेकून बसला होता, फार वाळलाय. मी मशीन लावलं, हाताने खूण केली: बोल.

तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "सर, तब्येत बरी नाय काय तुमची?" मान हलवली. पुन्हा खूण केली. मग तो हळूहळू बोलू लागला. "त्या दिसा मी गेटार गेलंय आणि..." आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना. मी माणूस आहे की दगड? खिशात दुसरी लवंग नव्हती. तोंडातली काढून, धुऊन त्याला दिली.

आता माझ्या तोंडात लवंग नव्हती.

औद्योगिक आजार आणि मालकांची जबाबदारी या मुद्द्यावर फार चांगलं मटेरियल रेकॉर्ड झालं.

८ सप्टेंबर, रविवार
उतरवून काढायचं काम मालन करते आहे. माझं अक्षर लागत नाही आणि मला ऑक्टोबरच्या व्याख्यानमालेची तयारी आहे. वहीत एका बाजूला 'सर', एका बाजूला 'गुणाजी'. गुणाजीच्या बाजूला 'हूं'. त्याखाली 'हूं'. पुढे पुढे तर तिने नुसती टिंबं काढली आहेत.

म्हटलं, हा आळस चालणार नाही, प्रत्येक 'हूं' वेगळा असतो. ती म्हणाली, "मला माहीत आहे. पंधरा वर्षं मीही म्हणतेय."

बायकोचीही विनोदबुद्धी वाढते आहे.

मी मात्र या 'हूं'चं वर्गीकरण केलं. संमतीचा हूं, संतापाचा हूं, वर्गजाणिवेचा हूं. काही हूं कुठेच बसत नाहीत, ते खोकल्यात टाकले. मॅडम थक्क होतील.

मालनने भांडी घासता घासता विचारलं, "अहो, गेटावर काय झालं होतं त्यांचं?"

म्हटलं, ते प्रकरण पाचमध्ये येईल.

२७ ऑक्टोबर, रविवार
गुणाजीचा शेजारी भाऊराव आला होता. गुणाजीला हॉस्पिटलात ठेवलंय. निरोप असा: मशीन नको, सरांनी नुसतं येऊन बसावं, एवढंच सांगायचं आहे.

मशीन नको कसं? रेकॉर्ड नसेल तर तो पुरावा होत नाही. भाऊरावला हे समजावून सांगितलं. तो म्हणाला, "सर, माणूस जाईल तिकडे." मी म्हटलं, असं बोलू नये.

उद्यापासून बोरिवलीला सात दिवस माझी व्याख्यानमाला. विषय: श्रमिकांचा आवाज. मंडप घातलाय, शब्द मोडता येत नाही. मग दिवाळी. दिवाळी झाली की पहिलं काम हेच. नव्या सेलची नोंद करून ठेवली.

१६ नोव्हेंबर, शनिवार
नवे सेल, दोन कोऱ्या कॅसेट, लवंगांची पुडी घेऊन हॉस्पिटलात गेलो. कॉटवर दुसराच माणूस. नर्सला विचारलं. ती म्हणाली, ते पाडव्याच्या आदल्या दिवशी गेले.

कॉटवरच्या माणसाने विचारलं, कोण तुम्ही त्यांचे? म्हटलं, अभ्यासक.

लवंगांची पुडी त्यालाच देऊन आलो.

२४ नोव्हेंबर, रविवार
भटवाडीत शोकसभा. मीच मुख्य वक्ता. गुणाजीच्या मौनावर बोललो. त्या मौनाला मी आज आवाज दिला. शेवटी मागे कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग त्याला दुसऱ्या कोणी गप्प केलं. वनमालाबाई पुढेच बसल्या होत्या. वर पाहिलं नाही त्यांनी.

या धक्क्यातून सावरून प्रबंध पुरा करणं, हीच श्रद्धांजली.

१५ डिसेंबर, रविवार
वनमालाबाई घरी आल्या. एकट्या, मुलुंडपर्यंत पत्ता शोधत. पाणी प्यायल्या, मग म्हणाल्या, "सर, त्यांची टेप ऐकवशात?"

सगळं कळायला वेळ लागला. गेटाच्या त्या दिवसापासून गुणाजी घरात बोलेनासा झाला होता. दोन वर्षं. तिकडे काय झालं ते बायकोला कधी सांगितलं नाही. तिने विचारलं की म्हणायचा, "सरांका सगळां सांगलंय. त्या टेपात आसा. मी गेलंय की ऐक."

तो खोटं का बोलला? प्रतिसादकाची विश्वासार्हता हा वेगळा मुद्दा आहे.

मालनने मशीन मांडलं, अचूक जागा लावली. खोकला. मग, "सर, त्या दिसा मी गेटार गेलंय आणि..."

वनमालाबाईंनी पदर तोंडाला लावला.

मग मी. गेट म्हणजे काय? आत भाकरी, बाहेर माणूस.

बाई थांबल्या. मान पुढे काढून ऐकत होत्या. आता येईल, आता येईल, असं. बाजू संपली, खट् आवाज झाला. म्हणाल्या, "फुडे? फुडे काय झालां?"

मालनने दुसरी कॅसेट लावली. तिथेही तेच वाक्य. त्यानंतर लवंगेची मुलाखत. बाहेर अंधार पडला. मी कोणत्याही सभेत इतका वेळ ऐकला गेलो नाही, आणि एवढं लक्ष देऊन तर कधीच नाही.

जाताना त्यांनी विचारलं, अगदी साधेपणाने, "सर, तुमचो आवाज काढून टाकूक येता काय?"

म्हटलं, चौकशी करतो.

१७ डिसेंबर, मंगळवार
स्टेशनजवळच्या दादू रेडिओवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काढतो की. पण साहेब, मग कॅसेट कोरीच राहील. कोरी पाहिजे तर नवी घ्या ना, झकास मिळते."

बाजारू माणूस. निघून आलो.

५ जानेवारी १९८६, रविवार
मालन आठवडाभर दादूच्या दुकानात जाते आहे, मला न सांगता. दोन मशीन समोरासमोर ठेवून एक कॅसेट केली. तिन्ही वेळचं ते एक वाक्य, खोकला, हूं, आणि 'सर, माझां तेवढां रवलां'. सगळं मिळून दोन मिनिटं भरली नाहीत. पुढे कोरी. काल स्वतः जाऊन वनमालाबाईंना देऊन आली.

मी विचारलं, त्या काय म्हणाल्या? मालन म्हणाली, "काही नाही. शेजाऱ्यांच्या मशीनवर लावली. बोलणं संपलं तरी बंद करू देईनात. कोरी बाजू शेवटपर्यंत ऐकली. मग उलटून दुसरीही ऐकली."

एवढं बोलून तिने आपला टेपरेकॉर्डर उचलला आणि स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

मॅडमचं पत्रही आलंय. पद्धत आणि डिझाइन, दोन्ही नामंजूर. 'यातून अभ्यासकाव्यतिरिक्त कोणाबद्दलही काही कळत नाही.'

मी खचलेलो नाही. नवं डिझाइन सुचलं आहे. वनमालाबाईंकडे जायचं. टेप नाही, वही नाही, प्रश्न नाही, लवंग नाही. नुसतं बसायचं. त्यांना जे बोलायचं असेल ते बोलू द्यायचं, नसेल तर तेही ऐकायचं. हा संकल्प शेवटचा आणि पक्का.

१२ जानेवारी, रविवार
भटवाडीला गेलो. बाई दारातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी बसलो. त्या काही बोलल्या नाहीत.

मौन या विषयावर तासभर बोललो.

हूं म्हणाल्या.