नाही त्या विहिरीचा फोटो

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, दुपार (आई झोपली आहे, म्हणून लिहायला बसलो)

आदरणीय चिमाआत्यास,

भाचा बुद्धभूषण याचा सविनय जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? तू पाठवलेलं तेल पप्पांनी गुडघ्यांना लावलं आणि उरलेलं आमच्या धाकट्या सनीनं सायकलच्या चेनला. गुण दोन्हीकडे आला, पण चेनला जास्त. (हे पप्पांना कळवू नकोस.) पप्पा, म्हणजे तुझा लाडका किसन, रिटायर होऊन दीड वर्ष झालं तरी पहाटे उठून फर्स्ट शिफ्टची तयारी करतात, डबा घेऊन कंपनीच्या बसस्टॉपपर्यंत जातात, तिथं बाकीच्यांना बसमध्ये बसवून देतात आणि डबा घेऊन परत येतात. आईची तब्येत उत्तम आहे, आवाज त्याहून उत्तम. तुझी शेळी व्याली का? किती झाली? तुला वाटेल, हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मग तुमच्याकडची अख्खी गल्ली मला सल्ला देते. या वेळची गोष्ट गल्लीनं ऐकण्यासारखी नाही.

मी नेमकं काय काम करतो हे तुला नीट ठाऊक नाही, हे मला मागच्या लग्नात कळलं. तू पाहुण्यांना सांगत होतीस, ‘आमचा बुद्धभूषण आभाळातनं लोकांचे फोटो काढतो.’ त्यानंतर दोन बायका मला बघून डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. तर आत्या, मी नकाशे करतो. एका लांब काठीच्या टोकाला यंत्र असतं, ते वरच्या उपग्रहांशी बोलतं आणि मी कुठं उभा आहे ते बोटभर फरकानं सांगतं. (मी आयुष्यात कुठं उभा आहे हे आई रोज सांगते, तेही यंत्राशिवाय.) मग मी मोबाइलमध्ये नोंद करतो. इथं विहीर आहे, इथं हातपंप, इथून ओढा वाहतो, या गल्लीत रुग्णवाहिका वळते, त्या गल्लीत तिला उलटं यावं लागतं. या नकाशावरून पुढं ठरतं की टँकर कुठं पाठवायचा, ओढ्यातला गाळ कुठं काढायचा आणि आग लागली तर बंबानं पाणी कुठून भरायचं. पुनावळ्यात मी दोन महिने हेच केलं. तिथं इमारती इतक्या झपाट्यानं उगवतात की सकाळी नकाशात टाकलेलं मोकळं मैदान दुपारी डबा खाऊन येईपर्यंत पार्किंगसकट उभं असतं. तरी तिथं मी एकदाही कशात पडलो नाही, हे लक्षात घे.

नंतर मला महाळुंग्याला पाठवलं. चाकणच्या पट्ट्यातलं गाव, चहूबाजूंनी कारखाने, मधे जुनी घरं. जुन्या नकाशात गावाच्या कडेला एक सार्वजनिक विहीर दाखवली होती. मी गेलो तेव्हा ऊन असं होतं की यंत्रसुद्धा सावली शोधत होतं. समोर घाणेरीची झुडपं, त्यात कंपन्यांचा फेकलेला थर्माकोल, मोडकी लाकडी पॅलेट्स, आणि एका बाजूनं डंपर मुरूम ओतून निघून गेलेले. कुणीतरी ती जागा सपाट करून गाड्या लावायला घेणार होतं. सत्तरीच्या एक आजी पॅलेटच्या फळ्या गोळा करत होत्या. त्या रतनबाई. मला बघून म्हणाल्या, “बाळा, झुडपात विहीर हाय. बहात्तरच्या दुष्काळात आमीच खांदली, मी नवी नवरी व्हते, पाट्या वाह्यल्यात. आता तिच्यावर मुरूम टाकत्यात. तू कागदावर लिव्ह, म्हंजी थांबतील.”

मी म्हणालो, “बघतो आजी.”

आणि आत्या, मी बघितलं नाही. काटे होते, ऊन होतं, कोपऱ्यावर गरम वडे निघत होते. मी रस्त्यावरूनच मोबाइल काढला. विहिरीच्या स्थितीपुढं चार पर्याय येतात: वापरात, कोरडी, बुजलेली, अस्तित्वात नाही. मी शेवटचा दाबला आणि वडे खायला गेलो. वडे चांगले होते. आता ते आठवले तरी घशात अडकतात.

दोन दिवसांनी आमच्या विजयश्री मॅडमनी बोलावलं. मॅडम कामाला फार पक्क्या. त्या म्हणाल्या, “विहीर अस्तित्वात नाही असं लिहिलंय, मग फोटो कुठायत?” मी म्हणालो, “मॅडम, नाही त्या विहिरीचा फोटो कसा काढणार?” त्या म्हणाल्या, “चारही दिशांनी.”

म्हणून शुक्रवारी मी पुन्हा महाळुंग्याला. या वेळी झुडपात शिरलो. यंत्राची काठी एका हातात, मोबाइल दुसऱ्या हातात. (मोबाइल आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवतो, शाळेतल्या ओळखपत्रासारखा.) उत्तरेकडून फोटो काढला, विहीर नाही. पूर्वेकडून काढला, नाही. दक्षिणेकडून काढला, अजिबात नाही. पश्चिमेचा काढताना सगळं चौकटीत बसेना, म्हणून एक पाऊल मागं सरलो. मग अजून एक. तिसरं पाऊल टेकलंच नाही.

पडताना माणसाला आयुष्य आठवतं म्हणतात. मला फक्त ते चार पर्याय आठवले.

पाणी होतं म्हणून वाचलो आणि छातीभरच होतं म्हणूनही वाचलो. पोहण्याचं तर तुला माहीतच आहे; तू नदीत शिकवायला घेऊन गेलीस आणि मी तुझ्या पाठीवर बसून परत आलो. दगडी बांधकामातून उंबराचं एक मूळ आलं होतं, ते धरलं. पाणी थंडगार, आणि एवढं नितळ की पायातले बूट दिसत होते. आत्या, तू सांगायचीस ना, त्याच दुष्काळात तुमच्या गावच्या विहिरीच्या काठाला तुला हात लावू देत नव्हते, कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ भरायची? त्या पाण्यात उभ्याउभ्या मला नेमकं तेच आठवलं आणि खरं सांगतो, हसू फुटलं. तुला ओंजळभर मिळताना मारामार, आणि तुझा भाचा इथं कपडे-बुटांसकट.

हसून झाल्यावर भीती वाटली. मग मोबाइल काढला. नेटवर्क आमच्या घरापेक्षा चांगलं होतं. मदतीचा नंबर लावला. पलीकडून गोड आवाज, “नियंत्रण कक्षातून स्वप्नाली बोलतेय, काय मदत करू?” मी नाव सांगितलं आणि म्हणालो, महाळुंग्यात विहिरीत पडलोय. तिनं माझं ठिकाण पाहिलं. मग पुन्हा एकदा पाहिलं.

“सर, तिथं विहीर नाहीये.”

“आहे हो! मी आत आहे.”

“सर, नकाशात स्पष्ट लिहिलंय, अस्तित्वात नाही. परवाच नोंद झालीय.”

“ती मीच केलीय!”

“मग सर,” ती अगदी समजुतीनं म्हणाली, “तुम्ही नक्की कशात पडलाय?”

तिचं काहीच चुकत नव्हतं. तिच्याजवळ नकाशा होता आणि नकाशाजवळ माझा शब्द. तिनं विचार केला की घाबरलेल्या माणसाचं ठिकाण इकडंतिकडं दाखवत असेल, आणि बंब जवळच्या नोंदलेल्या विहिरीकडं पाठवला. ती साडेसहाशे मीटरवर, रतनबाईंचे दीर सावळाराम यांच्या शेतात. सावळाराम त्या वेळी विहिरीत उतरून मोटारीच्या पाइपात अडकलेला कचरा काढत होते. वरून जवानांनी विचारलं, “बुद्धभूषण तुम्हीच का?” त्यांना ऐकू कमी येतं. ते म्हणाले, “व्हय.” पुढं त्यांनी पुष्कळ हातपाय झाडले, पण घाबरलेला माणूस असंच करतो हे जवानांना शिकवलेलं असतं. त्यांना दोर बांधून बाहेर काढलं, घोंगडीत गुंडाळलं आणि धीर दिला.

इकडं मी ओरडून ओरडून घसा बसवला, तेव्हा वरती झुडूप हललं आणि रतनबाईंचं तोंड दिसलं.

“कोन हाय रं?”

“मी आजी! सर्वेवाला!”

“विहीर न्हाई म्हणून लिवलं, त्योच का?”

गावात बातमी कशी पसरते याचा नकाशा अजून कुणी केलेला नाही. मी मान खाली घालून हो म्हणालो. (खाली पाणीच होतं, त्यात माझंच तोंड.)

“मग न्हाई त्या विहिरीत पडलास कसा?” त्या काठावर बैठक मारून बसल्या. “बाज आणाय सांगते. पर आधी लिव्ह. वर आल्यावर तू ‘बघतो आजी’ म्हनशील.”

आत्या, मी विहिरीत उभा राहून, एका हातानं उंबराचं मूळ धरून, दात वाजत असताना नोंद दुरुस्त केली. पाण्याची खोली? छातीएवढी, स्वतः मोजली. पाण्याची चव? चांगली, दोन घोट गेलेच होते. बांधकाम? दगडी, मजबूत. शेरा: ‘सार्वजनिक विहीर, १९७२ च्या दुष्काळी कामातली, पाणी भरपूर, मुरूम टाकणे चालू आहे, ताबडतोब थांबवावे.’ बटण दाबलं. फोन चालूच होता. त्यातून स्वप्नालीची किंकाळी ऐकू आली, “सर! आली! विहीर आली!” जणू तिच्या घरात बाळ जन्मलं.

मग रतनबाईंच्या हाकेनं अर्धं गाव जमलं. बाजेच्या चारही पायांना दोर बांधून ती खाली सोडली. मी तिच्यावर मांडी घालून बसलो आणि हळूहळू वर आलो, चिखलानं माखलेला, डोक्यात शेवाळ. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी ‘नवरदेव आला रं’ म्हणालं. तेवढ्यात बंब पोचला आणि त्यातून घोंगडीतले सावळाराम उतरले. ते माझ्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, “तू बुद्धभूषण, तर मी कोन?” त्याचा उलगडा झाल्यावर त्यांनी माझं गाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, आणि मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. एक-दोन जण उगाच दोर गुंडाळायला लागले. रतनबाई दिराला म्हणाल्या, “थंडी काय आडनाव इचारून वाजती व्हय? सोडा ती घोंगडी.” ती घोंगडी त्यांनी माझ्या खांद्यावर टाकली, घरी नेलं आणि स्वतःच्या पेल्यातला चहा अर्धा मला दिला. हे तुला मुद्दाम लिहितोय.

संध्याकाळी ऑफिसला जाऊन मी मॅडमना खरं सांगितलं, की पहिल्या दिवशी मी रस्त्यावरूनच बटण दाबलं होतं, वड्यांसाठी. वाटलं, आता घरी बसवणार. त्यांनी माझी नोंद उघडली आणि विचारलं, “चौथा फोटो कुठाय?” तो होता. पडतापडता बोट लागलं होतं. त्यात निळं आभाळ आहे आणि माझा डावा बूट. तो आता सरकारी नोंदीत आहे, ‘पश्चिमेकडून’. शनिवारी सकाळी मॅडम स्वतः महाळुंग्याला आल्या, नोंद दाखवली, ग्रामपंचायतीला पत्र दिलं. डंपर थांबले, आणि ज्यांनी मुरूम टाकला तेच तो उचलायला लागले. मला शिक्षा अशी झाली की गावातली प्रत्येक विहीर रतनबाईंना बरोबर घेऊन पुन्हा पाहायची. काल एका दिवसात त्यांनी पाच दाखवल्या, त्यातल्या दोन कुठल्याच नकाशात नव्हत्या. त्या पुढं चालतात, मी मागं. मागं सरकून फोटो काढायला मला बंदी आहे.

तर सगळं ठीक झालं. काळजी करू नकोस. गुडघे जप.

तुझा,
बुद्धभूषण

ता. क. सगळं ठीक झालं हे खरं नाही. यंत्राची काठी माझ्याबरोबर विहिरीत पडली. मी वर आलो, ती नाही आली. मॅडमना यंत्र चार्जिंगला लावलंय असं सांगितलंय. एवढं सगळं खरं बोलल्यावर तेवढंच एक उरलं होतं, ते जिभेवर येईना. यंत्र पाण्यात खराब होत नाही असं त्याच्या डब्यावर छापलंय.

ता. क. दुसरा. म्हणून पत्र. तुझा तो विहिरीत पडलेल्या बादल्या काढायचा गळ अजून आहे ना? तू तो फिरवलास की गाळातला तांब्यासुद्धा तुझ्या हाताला कळतो, असं पप्पा सांगतात. रतनबाईंच्या गळाला आतापर्यंत दोन बादल्या, एक घागर आणि कारखान्यातला एक सेफ्टी बूट लागला. (माझा नाही.) बुधवारच्या एसटीनं ये. आईला सांग, गुडघे दाखवायला आलेय. गळ गोणपाटात गुंडाळून आण, मागच्या वेळी कंडक्टर घाबरला होता.

ता. क. तिसरा. तू येणार हे मी रतनबाईंना सांगून टाकलंय. त्यांनी विचारलं, “आत्याला पोहता येतं का?” मी म्हणालो, “मला येत नाही, पण ती नदी पार करायची.” त्यावर त्या म्हणाल्या, “मग तू कशाला पडलास? तिलाच धाडायचं की.”