एक फेरी कमी

राजारामपुरी, कोल्हापूर
१२ मार्च २००३

चि. सम्मेद यास अक्काचे आशीर्वाद. जय जिनेंद्र.

तुझा खोकला गेला का? मी बरी आहे. तुझी भाची दीपा वाढते, मी जेवते. (तिने विचारलं तर पोटभर जेवते, असं मी लिहिलंय म्हणून सांग.)

तू पाठवलेला विमान कंपनीचा अर्ज मिळाला. तुझ्या दाजींच्या खात्यावरचे पॉइंट माझ्या नावावर व्हायचे तर एकतीस मार्चच्या आत अर्ज आणि मृत्यूचा दाखला पोचला पाहिजे, नाहीतर ते बुडतील, हे समजलं. त्या पॉइंटांच्या फुकट तिकिटांवर दोघांनी शिखरजीच्या यात्रेला जायचं, असं त्यांचं चार वर्षं चाललं होतं. एक फेरी कमी पडली आणि जानेवारीत ते गेले.

त्यांचा त्या कंपनीवर एवढा जीव का, हे तुला माहीत नसेल. कांदा-लसूण चालत नाही, हे त्यांनी तिथं एकदाच सांगितलं होतं. त्यानंतर दर वेळी न मागता जैन जेवण समोर यायचं. (सूर्यास्तानंतरही यायचं. हे खायचे नाहीत, पण खूश व्हायचे.) तुझ्या माहेरी सव्वीस वर्षं झाली तरी चहात साखर किती ते विचारतात, असं मला ऐकवायचे. मग दुप्पट पॉइंटांची योजना निघाली. बेंगळूरच्या गिऱ्हाइकाकडे इथून रात्रीच्या बसने सकाळी पोचता येतं. हे शिरोलीच्या कारखान्यातून उलट पुण्याला मोटारीने, तिथून दिल्ली आणि दिल्लीहून बेंगळूर असे गेले. दिल्लीत काय काम होतं, विचारलं तर म्हणाले, विमान बदलायचं. कंपनीने बॅगेसाठी दिलेला सोनेरी बिल्ला त्यांनी पुढे भाजीच्या पिशवीलाही बांधला. तो अजून तिथंच आहे.

सोमवारी अर्जातलं एक कलम कळेना, म्हणून कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, खात्याबद्दल फक्त सदस्यांशीच बोलता येतं, त्यांना फोन द्या. मला तो शब्द तोंडातून काढवेना. बाहेरगावी गेलेत, म्हटलं.

"आमच्याच विमानाने गेलेत ना मॅडम? मग पॉइंट आपोआप जमा होतील."

मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. दीपा आतून धावत आली. तिला वाटलं मी रडतेय. मी हसत होते, दोन महिन्यांत पहिल्यांदा. (मग रडलेही.)

असो. अर्जावर सही केली आहे, दाखला जोडला आहे. तू म्हणतोस तसं करून टाक.

तुझी
रत्नाअक्का

ता.क. पाकीट चिकटवणार तोच टपाल आलं. कंपनीचंच पत्र आहे. 'आदरणीय श्री. वर्धमान मगदूम, बऱ्याच दिवसांत आपण दिसला नाहीत. आम्हाला आपली उणीव भासते,' असं इंग्रजीत लिहिलंय. भेटायला येणारी माणसं आता थांबलीत. ह्यांची वाट बघणारं असं दुसरं कोणी राहिलं नाही. दाखला पोचला की ही पत्रंही थांबतील, म्हणून तो मी पाकिटातून काढून घेतला आहे. पॉइंट बुडू देत. तूही कंपनीला काही कळवू नकोस.

ता.क. २. शिखरजीला दिवाळीनंतर आपण दोघं जाऊ. तिकिटं रेल्वेची काढ. विमानाचीच काढणार असशील तर याच कंपनीची काढ, दुसऱ्या कुठल्या विमानात मी पाय ठेवणार नाही. जेवण जैन पाहिजे, हे मात्र आठवणीने सांग. मला ते अजून ओळखत नाहीत.