दौंडला राहिलेली चप्पल

९ फेब्रुवारी २००६, हुबळी

उस्तादाला एचआयव्ही झालाय! ट्रक खाली होत होता तेव्हा टायरला टेकून सांगितलं. आनंदराव उस्ताद — ज्यानं मला क्लीनर म्हणून गाडीवर घेतलं, गिअर टाकायला शिकवलं. सहावी नापासाला कोण स्टेअरिंगला हात लावू देतं?

म्हणलं, उस्ताद, चेष्टा नका करू.

"माझं झालं ते झालं, ज्योतिबा. गोळ्या चालू केल्यात. तुझं मे महिन्यात लगीन हाय. त्या अनुपमाच्या पदरात हे टाकू नको. आधी रक्त तपास."

जेवण गेलं नाही.

१० फेब्रुवारी

मी नेहमी निरोध वापरला. नेहमी! पण ऑक्टोबरात सांगलीला फाटला होता. एकदाच.

एकदाच म्हणजे किती?

१४ फेब्रुवारी, शिक्रापूर

शिरीनताई भेटल्या. त्या गाड्यांच्या अड्ड्यावर माहिती सांगत फिरतात, निरोधाची पाकिटं वाटतात. त्यांना बघून ड्रायव्हर आधी पांगतात, मग एकेक जण हळूच मागं येतो. मान खाली घालून सांगलीचं सांगितलं. हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत.

"चार महिने झाले ना? मग आता तपासलं की खरं काय ते कळतंय. शिरूरच्या सरकारी दवाखान्यात जा. भ्या वाटतंय? वाटू दे. पर जा."

१५ फेब्रुवारी

गेलो. दवाखान्याच्या दारातच आमच्या निमोण्याचे तात्याबा मामा! "का रं, काय झालं?" तोंडातून निघून गेलं — दात दुखतोय. मामांनी हाताला धरून दाताच्या डॉक्टरकडं नेलं, नंबर लावला, शेजारी बसून राहिले. डॉक्टरनं माझा चांगला दात हलवून बघितला.

रक्त तसंच राहिलं.

१८ फेब्रुवारी

तळेगावाहून अनुपमानं भावाच्या मोबाईलवरून फोन केला. "आई हळदीचं विचारती, आन् तुमी दात धरून बसलाय व्हय?" मामांनी तिथंपर्यंत पोचवलं! हसली. किती चांगलं हसते.

२२ फेब्रुवारी, शिरूर

रक्त दिलं. उस्ताद बरोबर आला होता. गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन बाहेर बाकड्यावर बसला. निकाल उद्या.

२३ फेब्रुवारी, सकाळ

सारखं दौंड आठवतंय. दोन वर्षांमागं मालधक्क्यावर गाडी भरायला वेळ होता, म्हणून तिथल्या धंद्याच्या बायांच्या गल्लीत गेलो. पहिलीच वेळ. तेवीस वर्षांचा घोडा, तरी दारात घुटमळलो. धुरपदाबाई म्हणाली, "निरोध आणलास?" नव्हता आणला. "मग टपरीवरनं घिऊन ये. आमच्या गल्लीत सगळ्या बायांनी ठरवलंय, त्याबिगर न्हाई." टपरीवर मागायची मला लाज! वाद घातला. तिनं बखोट धरून बाहेर काढलं, दार लावलं. एक चप्पल आतच राहिली. मी बाहेरून आईवरून शिव्या दिल्या. फार घाण.

एका चपलेवर मालधक्क्यापर्यंत चालत आलो. उस्ताद पोट धरून हसला. "म्हणून तर मी त्या गल्लीत जात न्हाई. पुढच्या गावाला जातो."

त्या दिवसापासून खिशात पाकीट ठेवत आलो. शहाणपणानं नाही. परत कुणी हाकलू नये म्हणून!

२३ फेब्रुवारी, दुपार

निगेटिव्ह!!

निकाल देणाऱ्या मॅडमला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाल्या.

बाहेर उस्ताद बसलेला. त्याला कोणत्या तोंडानं सांगू? पण त्यानं नुसतं बघितलं आणि पाठीत गुद्दा घातला. "दात काढतोयस, म्हंजी दात बरा झाला!" मग रसवंतीत ग्लास हातात धरून रडला. माझ्यासाठी का स्वतःसाठी, विचारलं नाही.

देवाचे उपकार. शिरीनताईंचे. उस्तादाचे — स्वतःचं झाकून ठेवलं असतं तर मी कुठला तपासतोय! पण सगळ्यात जास्त त्या दौंडच्या बाईचे. तिनं हाकललं नसतं तर मीही उस्तादाच्या मागं पुढच्या गावाला गेलो असतो.

५ मार्च, दौंड

पेढे घेऊन गेलो. धुरपदाबाई वाळली आहे, पण आवाज तोच. आणि माझी चप्पल दाराशी खिळ्याला टांगलेली! "निरोध नको म्हणणाऱ्याला दावते. म्हणते, हिचा मालक एका पायानं गेला." गल्लीतल्या सगळ्या बाया मला बघायला जमल्या. एक म्हणाली, "अगं बया, ह्योच का तो चपलेवाला?" लाजून मेलो, पण बरं वाटलं.

शिव्यांची माफी मागितली. ती म्हणाली, "ने बाबा तुझी चप्पल." म्हणलं, राहू द्या, कामाला येतीय. तिनं पेढा खाल्ला, लग्नाची तारीख विचारली. "यायची न्हाई मी. नुस्ती सांग." सांगितली. तिनं बोटावर दिवस मोजले.

६ मार्च

काल एक लिहिलं नाही. लिहवलं नाही.

निघताना मी म्हणलं होतं — बाई, तुम्ही तुमचा जीव जपला, त्यात माझाही वाचला.

ती म्हणाली, "माझा कुठला रं? तू आलास त्याच्या महिनाभर आधीच माझा निकाल आलता. पॉझिटिव्ह."