टेबलाखालची आई

आदरणीय अभिनव दाजी यांना,
धनकवडीहून आमोदचा सप्रेम जयभीम.

आधीच सांगून टाकतो, नंतर हिंमत होणार नाही. गेले काही रविवार ताई आईशी जे काही बोलली ते आईशी बोललीच नाही. माझ्याशी बोलली. मी जेवायच्या टेबलाखाली बसून आईच्या आवाजात उत्तरं देत होतो. पत्र लगेच फाडू नका, पुढे वाचा. पुढे अजून वाईट आहे.

तुमची कंबर कशी आहे? बाबा म्हणत होते की बर्फात घसरलात. (ताई म्हणते बर्फ नव्हता, बाथरूम होतं. मी तुमच्या बाजूनं बर्फच धरून चालतो.) इकडे सगळे बरे आहेत. बाबांची शुगर ठीक आहे, कारण ते ती तपासतच नाहीत. मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला पुन्हा मन लावून बसलोय, त्याबद्दल जास्त विचारू नका. कागदावर लिहितोय याचं नवल वाटलं असेल. पण तुमच्या फोनचा पासवर्ड ताईला पाठ आहे, म्हणजे मेसेज केला असता तर तुमच्या आधी तिनं वाचला असता. तुमच्या ऑफिसातल्या निकिता मॅडम आज परत निघतायत, त्यांच्याबरोबर आई जवसाची चटणी पाठवतेय. ताईला सध्या त्या वासानं मळमळतं, म्हणजे ती पिशवी तुमच्याशिवाय कोणी उघडणार नाही. म्हणून पत्र चटणीत. तेलाचे डाग पडले असतील तर माफी.

आता मुद्दा. दाजी, या सगळ्याला कारण तुम्ही दिवाळीला पाठवलेला टॅब आहे. टॅब चांगलाच आहे, त्याला नावं ठेवत नाही. पण आमचा जुना टॅब तुम्हाला आठवतो ना? त्याच कंपनीचा, पाटीसारखा जाड, एका कोपऱ्यात तडा, आईनं जुन्या परकराचं कव्हर शिवलेलं. (आमच्याकडे मिक्सरलासुद्धा कपडे आहेत.) त्या टॅबला माइकचं भोक एकच, वरच्या कडेला, हेडफोनच्या भोकाशेजारी. टॅब आडवा करून पिठाच्या डब्याला टेकवला की ते भोक नेमकं स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करायचं. त्यामुळे समोर खुर्चीत बसलेल्या बाबांचा आवाज ताईला विहिरीतून आल्यासारखा यायचा, आणि आत ओट्याशी उभ्या आईचा आवाज थेट कानाशी. फोडणी, भांडी, खालचा भंगारवाला, सगळं त्यातच.

आणि ते बरोबर होतं, कारण आई कधी टॅबसमोर बसलीच नाही. तिला त्या चौकोनात स्वतःचा चेहरा बघायला आवडत नाही. रविवारी संध्याकाळी तुमच्याकडे दुपार असताना फोन लागायचा. बाबा समोर बसून तिकडचं हवामान विचारायचे, उत्तर मिळालं की तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचे. मग टॅब रिकाम्या खुर्चीकडे बघत राहायचा, आई आतून बोलायची, ताई तिकडं तिच्या ओट्याशी उभी राहून कांदा चिरत उत्तर द्यायची. दोघी एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत, पण तासभर एकाच स्वयंपाकघरात असल्यासारख्या. अमरावती सोडून आईला इतकी वर्षं झाली तरी तिची बोली पुण्याला दबली नाही. भाजी काय केली वं, मीठ कमी टाक वं, एवढंच चालायचं. मला वाटायचं, यासाठी आयर्लंडपर्यंत फोन कशाला लावायचा. आता कळतं कशाला.

नवा टॅब आला तेव्हा आम्ही खूश. पातळ, हलका, हेडफोनचं भोकच नाही (मी अर्धी संध्याकाळ शोधलं, मग इज्जतीसाठी सापडलं म्हणून सांगितलं), कॅमेरा लांब कडेला, आणि माइक एक नाही, तीन. तुम्हीच फोनवर सांगितलं होतं की आजूबाजूचा गोंगाट हा टॅब कापून टाकतो. खरंय. ते तीन माइक मिळून ठरवतात की माणूस कोण आणि गोंगाट कोण. समोर जवळ जो बोलतो तो माणूस. पंखा, कुकर, भंगारवाला आणि आमची आई, हा गोंगाट.

आम्हाला हे कुठं माहीत. पहिल्या रविवारी ताईनं विचारलं, आई कुठंय? बाबा म्हणाले, आहे की आत. आई आतून म्हणाली, हाय नं वं इथंच. ताईला काहीच ऐकू गेलं नाही. तिनं परत विचारलं, आई बोलत का नाहीये? आईला वाटलं, मी बोलतेय तरी ही मुद्दाम बापाला विचारतेय. आता आठवा, त्याच आठवड्यात तुम्ही दोघांनी कळवलं होतं की बाळंतपण तिकडेच करायचं, माहेरी यायचं नाही. आई तेव्हा बरं म्हणाली होती. (आईचं बरं तुम्ही अजून नीट ओळखत नाही. ते बरं नसतं.) झालं. ताईला वाटलं, आई रागावली म्हणून गप्प आहे. आईला वाटलं, पोरगी आपल्याला उत्तर देत नाही. दोघी एकाच हाडाच्या, विचारणार कोण? दोन रविवार हे चाललं आणि तिसऱ्या रविवारी फोनच्या वेळेला आई वर मुक्ताई काकूंकडे निघून गेली. पोळ्यांची कणीक तशीच झाकून.

मी टॅबवर रेकॉर्डिंग करून बघितलं. मी समोर बसून बडबडलो, आत कुकर वाजत होता आणि आई मला शिव्या देत होती. परत ऐकलं तर नुसता मी. शिट्टी नाही, शिव्या नाहीत, घरात दुसरं कोणी राहतच नाही असं वाटावं इतकं स्वच्छ. दाजी, मला तेव्हा जरा कसंतरी झालं. त्याच वेळी सगळ्यांना सांगायला हवं होतं, हे मान्य. पण मी पडलो मी. आईचा आवाज मला शाळेपासून जमतो, मुख्याध्यापक बाईंना विचारा. पुढच्या रविवारी आई वर गेली, बाबा टेकडीवर, आणि टॅबमधून ताई आई, आई करत होती. मी टेबलाखाली शिरलो, खालूनच टॅबच्या कडेशी तोंड नेलं, म्हणजे त्यानं मला माणसात धरावं, आणि म्हणालो, खाली बसून मेथी निवडून राहिली वं, बोल.

सुरुवातीला नुसती मजा. मी आई होऊन आमोदची फार तारीफ केली. पोट्टा किती सुधारला, घरात किती मदत करते, त्याच्या बुटाला भोक पडलं तरी तोंडानं म्हणून नाही राहिला. ताई हं हं करत होती. मग एका रविवारी कांदा चिरायचा आवाज थांबला आणि ती म्हणाली, आई, मला खूप भीती वाटते गं.

ती बोलत राहिली. की रात्री बाळ हललं नाही की ती उठून बसते. की तुम्ही कामावर गेलात की घरात इतकं शांत असतं की स्वतःच्या चमच्याचा आवाज नकोसा होतो. की अभिनवला सांगितलं तर तो घाबरेल म्हणून सांगत नाही. (हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, पण तुम्ही घाबरा थोडं, काही होत नाही.) माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या, डोकं टेबलाला टेकलेलं, आणि बाहेर यायची सोय नव्हती. दाजी, माझी ताई कशाला घाबरते हे मला माहीतच नव्हतं. लहानपणी गल्लीतली कुत्री तीच हाकलायची, मी तिच्या मागं. आई काय म्हणाली असती ते आठवायला गेलो आणि तोंडातून निघून गेलं, कायले घाबरतं वं, मी येऊन राहिली ना.

ताई रडली. मीही, पण आईच्या आवाजात रडणं मला जमत नाही, म्हणून तोंडावर हात धरला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही बाबांना फोन करून विचारलंत, आईंचा पासपोर्ट चालू आहे ना, तिकिटं बघतोय. बाबा म्हणाले, कुणाची तिकिटं? मी बाबांच्या हातातून फोन घेतला आणि रेंज नाही, रेंज नाही असं ओरडून बंद केला. ती रेंज मीच होतो. पासपोर्ट चालू आहे. श्रीलंकेच्या धम्म सहलीसाठी काढला होता, पण विमान म्हटल्यावर आई ऐन वेळी आजारी पडली आणि सहलीची बस मुंबईला निघून गेल्यावर बरी झाली. अशा बाईला मी परस्पर आयर्लंडला पाठवून बसलो होतो.

म्हणून मागच्या रविवारी मी जुना टॅब कपाटातून काढला, परकरासकट. चार्ज केला. नव्याचं अपडेट चाललंय म्हणून सगळ्यांना सांगितलं. पिठाच्या डब्याला तसाच आडवा टेकवला, भोक स्वयंपाकघराकडे. आईला सांगितलं की मुक्ताई काकू मांजरी गावाला लेकीकडे गेल्यात. (काकू घरीच होत्या, मी त्यांच्या दाराची कडी बाहेरून लावली होती, नंतर काढली.) आणि आपली नेहमीची जागा घेतली, टेबलाखाली, काही बिघडलं तर सांभाळायला. फोन लागला. बाबा हवामान विचारून गेले. ताई काही बोलेना. आत आई एकटीच भांड्यांशी बोलत होती, जशी ती नेहमी बोलते. डिंकाचे लाडू करून ठेवले, न्यायचे कोणी. नऊ महिने सरत आले, पोरीच्या डोक्याले तेल लावाले कोणी नाही. नाही बोलत तं नको बोलू, पण खाऊन घेत जा म्हणा.

ताईनं सगळं ऐकलं. ती हळूच म्हणाली, आई, मग तूच घेऊन ये ना लाडू. येते म्हणाली होतीस ना.

आतली भांडी थांबली. आई म्हणाली, मी? कधी म्हटलं?

दाजी, माझं त्या क्षणी काय झालं हे तुम्ही हिशेबात घ्या आणि मगच शिक्षा द्या. मी टेबलाखाली दचकलो, डोकं आपटलं, वरची पाण्याची भांडी कलंडली. आई हात पुसत बाहेर आली. तिनं वाकून खाली बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. टॅबमधून ताई आई, आई करत होती, नेमकी त्याच सुरात. तिला सगळं समजलं, ती मला जन्मापासून ओळखते. मग तिनं खुर्ची ओढली आणि आयुष्यात पहिल्यांदा टॅबसमोर बसली. पायानं मला भिंतीकडे सरकवलं, जोरात नाही. आणि म्हणाली, म्हटलं असन वं मी. येऊन राहिली.

रात्री ताटात भाकरी वाढताना तिनं माझ्या डोक्यावरचं टेंगूळ दाबून बघितलं, तेवढंच.

तर झालं हे असं. राग आला असेल तर कंबर बरी झाल्यावर या आणि मारा. ताईची काळजी घ्या.

तुमचा,
आमोद

ता. क. खरं काम राहिलं. आई ताईला हो म्हणाली, पण जावयानं तोंडानं बोलावल्याशिवाय ती लेकीच्या घरी राहायला येणार नाही. परवापासून सहज विचारल्यासारखं विचारतेय, जावई काही बोलले का. या रविवारी तुम्ही स्वतः समोर बसून तिला बोलवा, आणि विमानात खिडकीपासून लांबची जागा घ्या. ती आत असेल, तुम्ही रिकाम्या खुर्चीकडे बघून बोला, तिला ऐकू जातं. जुनाच टॅब ठेवलाय.

ता. क. २. नव्या टॅबमध्ये तो गोंगाट कापायचा प्रकार बंद करायचं एक बटण होतं. काल सापडलं. एकदाच दाबायचं. यावर आपण दोघांनी कधीच बोलायचं नाही.

ता. क. ३. हे घाईत लिहितोय. निकिता मॅडम बाहेर बसून पोहे खातायत, पिशवी अजून माझ्या हातात आहे. त्यांनी येताना ताईनं दिलेलं एक खोकं आणलंय. वर ताईच्या अक्षरात लिहिलंय, आईसाठी. मी उघडलं. आत स्पोर्ट्स शूज आहेत. माझ्या मापाचे.

म्हणजे तिनं ओळखलं होतं. कधी, पहिल्याच वाक्याला? मग ते भीतीचं ती कुणाला सांगत होती, दाजी? मला? आणि परवाचं ते येते म्हणाली होतीस ना, ते काय मला पकडायला नव्हतंच, आईला पकडायला होतं?

मॅडम उठल्या. दाजी, पाया पडतो, मला कळलंय हे ताईला कळू देऊ नका, आणि मी बूट घालून टेबलाखाली जाऊन बसलोय हे तर कोणालाच सांगू नका.