चिकटलेला तुकडा

३ जून
नवी नोकरी, नवी खुर्ची, वर खिडकीतलं ऊन फुकट! आकड्यांच्या रांगांवर गणितं करणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, आम्ही सांभाळतो. नेहमीची गणितं ती बिनचूक करते, अडते ती क्वचित येणाऱ्या प्रसंगांत. रांगेत एकही आकडा नसेल, तर सर्वांत मोठा कोणता? असले बग सोडवणं हे माझं काम आणि मला त्याचंच वेड. शेजारच्या बाईंना सगळे ताई म्हणतात. त्यांनी आपणहून चहा आणून दिला.

९ जून
रिकाम्या रांगेचा बग मी सोडवला. साहेब म्हणाले, छान, पण एकदा ताईंना दाखव. ताईंनी माझा पानभर कोड सहा ओळींत बसवला. सगळ्यांनी वाहवा केली, त्यांची. माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला लिहू?

१७ जून
ताईंची हुबेहूब नक्कल करायची ठरवलंय. त्यांच्यासारखी आधी चाचणी, मग दुरुस्ती. तसेच आखूड केस, तसंच "बघू या की" म्हणणं. नवरा म्हणतो, घरात दोन बायका वावरतायत असं वाटतं. मला बरं वाटलं.

२३ जून
फजिती. आमच्याकडे रांगेचा तुकडा घेतला की त्याची वेगळी नक्कल होत नाही; तो मूळ आकड्यांनाच चिकटलेला असतो. तुकडा बदलला की मूळही बदलतं. हेच मी विसरले आणि लोकांचे आकडे पुसून टाकणारी दुरुस्ती पाठवली. ताईंनी ती अडवली, वर सगळ्यांसमोर गोड आवाजात मला समजावलं. जळफळत कागद फाडताना माझं बोट कापलं. आई गं म्हणून ताईंनी स्वतःचं बोट तोंडात घातलं.

२४ जून
तळहातावर पेनने फुली काढून पाहिली. चहाच्या वेळी ताई स्वतःच्या तळहातावरची फुली पुसत होत्या. म्हणजे मी नक्कल नव्हेच. चिकटलेली आहे.

२६ जून
साहेबांची खुर्ची ताईंना मिळणार. उद्या त्यांचं भाषण. गच्चीवर जाऊन घसा फुटेस्तोवर ओरडले.

२७ जून
ताईंचा आवाज बसला! माझाही. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, म्हणा हवं तर. पण त्यांनी सगळं फळ्यावर लिहून समजावलं. टाळ्या — त्यांनाच.

३० जून
उजवा हात खणात घातला. खण ढकलला. दोघींची बोटं — डाव्याने लिहितेय.
गर्दी ताईंभोवती. पाणी, रुमाल. साहेब स्वतः गाडी काढायला गेलेत. माझीही मोडलीत की! कुणी बघत नाही.

जरा वेळाने
ताई बघतायत. माझ्या बोटांकडे. मग स्वतःच्या. कळलं त्यांना —
हसल्या. खण उघडला. डावा हात आत —
नको, ताई, मी ल