तारांवरचा हात

बाबा, तुम्ही गुंडाळलेल्या दोन्ही कॉइल मी गिटारमधून काढायला लावल्या. एक मेली होती, एक चालू होती. चालू होती तीही काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण लांबण लावलेली तुम्हाला कधी आवडली नाही. गिऱ्हाईक पंखा घेऊन आलं आणि तो कुणाच्या लग्नात मिळाला, कुठल्या खोलीत लागला होता हे पुराण सुरू झालं, की तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "अच्छा, ते राहू द्या. फिरते का नाही, तेवढं सांगा."

ती गिटार आपल्याकडे आली तो दिवस मला अजून दिसतो. मी कॉलेजातून परस्पर कांचघर मोहल्ल्यातल्या आपल्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानात आले आहे, तुम्ही कूलरची मोटर उघडून बसला आहात आणि लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे ते भैया काउंटरला टेकून उभे आहेत. मोटर त्यांची. खांद्यावर मुकी गिटार. तारा छेडल्या तर डब्यावर वाजवल्यासारखा आवाज, अँप्लिफायरला जोडली तर तोही नाही. पिकअप गेले आहेत, म्हणाले. माझी नजर तिच्यावरून हलत नव्हती हे तुम्ही पाहिलं असणार, कारण तुम्ही मोटर बाजूला सारलीत आणि गिटारचे स्क्रू खोलायला घेतलेत. पिकअप म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या दोन काळ्या डब्यांपैकी एक बाहेर काढलीत, तिच्यात बारीक चुंबक आणि चुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार दिसली, आणि तुम्ही हसलात. "हे तं आपलंच काम आहे बे," म्हणालात, इतक्या आनंदाने की भैयाही हसले. त्यांची मोटर आणि त्यांच्या घरचे दोन पंखे तुम्ही फुकट गुंडाळून दिलेत, आणि बदल्यात गिटार आपल्याकडे राहिली.

काम आपलं असलं तरी तार आपली नव्हती. पंख्याची तार तिच्यापुढे दोरखंड. तुम्ही मीटर दुरुस्त करणाऱ्याकडून बारीक तार मिळवलीत, सराफ्यातल्या कारागिराकडून डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलंत, आणि दुकानात वारा फार म्हणून गुंडाळायची मशीन घरी स्वयंपाकघरात मांडलीत. मे महिना, खिडकी बंद, पंखा बंद. तुम्ही हँडल फिरवताय, मी दोन बोटांत तार धरून बसले आहे, आणि घाम पुसायचीही सोय नाही. आई चहा ठेवायला आली, सवयीने तिने पंख्याचं बटण दाबलं आणि तार तुटली. "काहून लावला पंखा?" तुम्ही इतक्या मोठ्याने ओरडलात की मीच दचकले. आई तुमच्या ओरडण्याला थोडीच भीक घालते? "अहो, पंखेवाल्याच्या घरात माणसं घामानं मरून राहिली," ती म्हणाली, "गावाले हवा आणि घरच्यांले वाफ!" तुम्ही तुटलेली तार काढून टाकलीत आणि पहिल्यापासून सुरू केलंत.

गुंडाळून झाल्यावर तुम्ही तेच केलंत जे जन्मभर प्रत्येक मोटरच्या कॉइलला करत आलात. दोन्ही कॉइल वार्निशमध्ये बुडवल्यात आणि गच्चीवर आईच्या पापडांशेजारी वाळत घातल्यात. पापडांना वास लागला म्हणून आईने दोन दिवस अबोला धरला. वार्निश दिल्याशिवाय वाइंडिंग तुमच्या हातून बाहेर गेलं नसतं. कच्चं काम म्हणजे तुमच्या लेखी शिवी होती.

आणि ती वाजली, बाबा. शेजारच्या घरातून माणसं बघायला आली. फक्त वाजवायची थांबले की मागे एक बारीक हूं ऐकू यायचं. मी तारांवर हात टेकवला की बंद. हात उचलला की पुन्हा सुरू. मी हिरमुसले, तर तुम्ही माझा तळवा धरून तारांवर ठेवलात आणि म्हणालात, "हात ठेवला का चुप बसते ना? मंग ठेवत जा. आवाज करून राहिली म्हणजे जिती आहे. मेलेली मोटर चुप राहते." तेव्हापासून गाणं संपलं की माझा हात आपोआप तारांवर जातो. गणपतीच्या कार्यक्रमात नवा माइकवाला दरवर्षी ओरडतो, "दीदी, आपका गिटार भनभना रहा है," आणि मी दरवर्षी हात ठेवते.

दुकान आईने विकलं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तुम्ही बांधलेले पंखे लोकांनी कधीच भंगारात घातले, नवा पंखा घेणं सोपं झालं. तुमच्या हातचं, अजून चालतं असं, या गावात त्या दोन कॉइलींशिवाय काही उरलं नव्हतं. म्हणून या उन्हाळ्यात सरावात एक मुकी झाली तेव्हा मी हातपाय गाळले. माझी बोटंही आता सकाळी आखडतात, तारा उंच झाल्या आहेत, दाबताना कळ येते. माझी मुलगी म्हणाली, "आई, एकदा चांगल्या माणसाला दाखव ना."

नेपियर टाउनात एका दवाखान्याच्या वर एका मुलाने गिटार दुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. बाहेरगावी शिकून आला आहे. आडनाव आपल्यातलं वाटलं म्हणून मी मराठीत बोलले, तर लाजून म्हणाला, "दीदी, समझता सब हूँ, बोलता येत नाही बरोबर." हात मात्र सावकाश चालतात, तुम्हाला आवडला असता. त्याने गिटार डोळ्यासमोर धरून तिची मान वाकली आहे का ते पाहिलं, तारांची उंची मोजली, मग पिकअप खोलले. मेलेली कॉइल नखाने टोकरून बघितली आणि थांबला. "ये किसने किया?" मी सांगितलं. मग तो जरा सांभाळून बोलायला लागला. "दीदी, गिटारच्या कॉइलला मेण देते. मेण निकल जाता है, कोणी पण पुन्हा खोलू शकते. ये वार्निश है. पत्थर हो गया. अंदर तार कहाँ टूटी, कोई नहीं बता सकता." पक्कं काम तुमचं, बाबा. इतकं पक्कं की आत शिरायला जागाच ठेवली नाहीत. मला तुमचा राग आला आणि त्याच वेळी रडू आलं.

चालू आहे ती ठेवा, मी म्हटलं. त्याने नाही म्हटलं नाही. नव्या पिकअपबरोबर ती जुळणार नाही, भनभन राहील, पुढेमागे हीपण जाईल, एवढं सांगितलं आणि कपडा घेऊन गिटारच्या मानेवरच्या फ्रेटच्या पट्ट्या पुसत बसला. मी जिना उतरले, खाली स्कूटरपाशी जाऊन उभी राहिले, पुन्हा वर गेले आणि दोन्ही काढा म्हणाले.

काल आणायला गेले. तारा खाली आल्या आहेत, बोट ठेवलं की सूर निघतो. त्याने अँप्लिफायर लावला, मी वाजवलं. इतका स्वच्छ आवाज त्या गिटारमध्ये आहे हे मला माहीतच नव्हतं. शेवटचा सूर संपला आणि माझा हात तारांवर गेला. तो हसला. "हाथ हटाइए ना, दीदी. आता गरज नाही."

मी हात उचलला. काहीच ऐकू आलं नाही. क्षणभर बरं वाटलं.

आणि मग त्या दुपारचा तुमचा पलंग आठवला. अर्धांगाचा झटका आल्यावर तुमची वाचा गेली, पण घशातून असाच एक बारीक आवाज मात्र दिवसभर येत राहायचा. दुखणं नाही, असंच असतं, डॉक्टर म्हणाले. छातीवर तळवा ठेवला की तुम्ही शांत व्हायचात, उचलला की पुन्हा सुरू. आई आणि मी आळीपाळीने बसायचो. त्या दुपारी आई खाली डाळ लावत होती. पायाशी गोळा झालेली चादर सारखी करायला मी हात उचलला, आणि तुम्ही शांतच राहिलात. क्षणभर मला बरं वाटलं, बाबा. वाटलं, एकदाची झोप लागली. मी चादर सारखी केली, खिडकी ओढून घेतली, आणि मग तुमच्याकडे पाहिलं.

दुकानातला तो मुलगा विचारत होता, "दीदी, आवाज बरोबर नाही का?" बरोबर आहे, मी म्हटलं. पाणी मागितलं. त्याने तुमच्या दोन्ही कॉइल कागदात गुंडाळून हातात दिल्या, न मागता.

त्या आता स्वयंपाकघरात आहेत, मशीन मांडली होती त्याच ओट्यावर. आईला दाखवल्या, तिने नाकाशी धरल्या आणि म्हणाली, "अजून वास येऊन राहिला." तिने पुसून ठेवल्या, फेकायचं नाव काढलं नाही. हे लिहिलेले कागद मी कुठे पाठवणार आहे, मलाही कळत नाही. त्यांच्याच शेजारी ठेवीन.

नवा आवाज चांगला आहे, बाबा. तुमच्यापेक्षा चांगला आहे, आणि मला आवडला. फक्त गाणं संपल्यावर हात तारांवरच ठेवते, उचलायला धजत नाही.